नातवाला भेटीला नेताना



माझा विषय खतांचा आणि काजूच्या कलमांचा. पण विस्तार अधिकाऱ्याच्या टेबलावर लोक काय काय आणून ठेवतात, ते आमच्या लांजा तालुक्यात फिरणाऱ्यालाच ठाऊक. गेल्या भातलावणीच्या आधी एक आजीबाई कागदांची पिशवी घेऊन आल्या. मला वाटले, सातबाराचे काम असेल. त्या हळूच म्हणाल्या, "सायेब, लेक आत हाय. नातू बापाला बघायला हट्ट धरतो. मागच्या खेपेस दारातनं परत फिरलो."

पोराचे आधार मामाच्या घरी काढलेले. त्यावर आईचे माहेरचे आडनाव. जन्मदाखल्यात पोराच्या नावाचा रकाना कोरा. आजी म्हणत होत्या, हा माझ्या लेकाचा मुलगा. कागद मात्र तसे म्हणत नव्हते. शाळा बुडाली, दोघांचे एसटीचे भाडे गेले आणि पोरगा दोन दिवस धड जेवला नाही. आपण मोठी माणसे असा हेलपाटा पचवतो. पोराला मात्र वाटते, बापालाच मला भेटायचे नव्हते.

म्हणून सांगतो, काम गावात सुरू करा, तुरुंगाच्या दारात नव्हे. सगळ्यांत आधी जन्मदाखला. जन्माची नोंद होते ती जिथे मूल जन्मले तिथे, जिथे राहते तिथे नव्हे. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी. तेव्हा नोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा इस्पितळ ज्या नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तिथे शोधावी. बारसे होण्याआधीच नोंद झाली असेल तर नावाचा रकाना कोरा राहतो. ते नाव नंतर घालता येते. वर्षाच्या आत फुकट, पुढे विलंब शुल्क भरून. मग त्या दाखल्यावरून आधार दुरुस्त करावे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे आधार निळे असते आणि त्यावर बोटांचे ठसे नसतात; पाच पूर्ण झाली की ठसे द्यावे लागतात, तेही याच फेरीत उरकावे. बरोबर रेशनकार्ड घ्या. आजी, लेक, नातू अशी नावे एकाच कार्डावर असली की नाते सांगत बसावे लागत नाही. शाळेचा बोनाफाईड दाखलाही पिशवीत टाका.

नावाचे अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. पीककर्जाच्या वेळी 'गंगाराम' आणि 'गंगाजी' यावरून किती हेलपाटे होतात, ते तुम्हांला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट आतल्या माणसाची. भेटीला येणाऱ्या नातेवाइकांची नावे बंद्याने आत नोंदवायची असतात. त्याला आधीच पत्र टाकून पोराचे नाव, कागदावर आहे तसेच, कळवा. तो कच्चा कैदी, म्हणजे न्यायबंदी आहे की शिक्षा लागलेला, हेही विचारून घ्या; कच्च्या कैद्याला भेटी अधिक वेळा मिळतात. भेटीला तिथे 'मुलाखत' म्हणतात. तिची नोंद 'ई-मुलाकात' या सरकारी संकेतस्थळावर करता येते, व्हिडिओवरची भेटही त्यावरच मागता येते. रत्नागिरी आपल्याला जवळ आहे. पण माणूस कोल्हापूरला कळंब्याला असेल तर आंबा घाट चढण्याआधी वार आणि वेळ पक्की करा.

एका बाबतीत मात्र घाई नको. त्याच खटल्यात मूल साक्षीदार असेल, किंवा मुलाच्या ताब्याविषयी कोर्टाचा हुकूम असेल, तर वकिलाला विचारल्यावाचून मुलाला नेऊ नका. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, मुले आणि कोठडीतली माणसे यांना तिथे मोफत मदत मिळते. 15100 हा फोनही त्यासाठीच आहे.

आईच आत असेल तर गोष्ट निराळी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालाप्रमाणे सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते. मूल तुरुंगात जन्मले तरी दाखल्यावर तुरुंगाचे नाव लिहायचे नाही, त्या वस्तीचा पत्ता लिहायचा, असेही त्यात सांगितले आहे. तसा दाखला कुणाकडे असेल तर तपासून घ्या.

निघताना कनवटी झाडा. मिश्रीची डबी, तंबाखूची पुडी, मोबाईल यांतले काही आत न्यायचे नाही. मनाई असलेली वस्तू आत पोचवणे हा 1894 च्या तुरुंग कायद्यापासूनच गुन्हा आहे. घरचा खाऊसुद्धा विचारल्याशिवाय नेऊ नये.

आणि पोराला आधी खरे सांगा. बाबा मुंबईला कामाला आहे असे सांगून नेलेत तर तो दारावरची पाटी वाचेल. आपली पोरे आता शिकलेली आहेत. मध्ये जाळी किंवा काच असेल, बाबा जवळ घेऊ शकणार नाही, हेही सांगून ठेवा. कळंबा, येरवडा अशा मध्यवर्ती कारागृहांत मुलांसाठी 'गळाभेट' झाली आहे, त्यात सोळा वर्षांच्या आतली मुले बापाला प्रत्यक्ष बिलगू शकतात. ती केव्हा आहे, हे बंद्याने आत विचारावे.

आजीबाईंचे आधार दुरुस्त व्हायला महिना गेला. श्रावणात त्या नातवाला भेटवून आल्या. मला सांगायला आल्या तेव्हा काजूच्या कलमांचा अर्जही त्याच पिशवीत होता.