मोडलेला सौदा आणि बुडालेला इसार

घर घेण्याचा करार करून गिऱ्हाईक मागे फिरले तर त्याचा इसार बुडतो, ही गोष्ट आपल्याकडे इतकी गृहीत धरली गेली आहे की, तिच्यामागे काही न्याय आहे की नाही हे तपासण्याची गरजही कोणाला वाटत नाही. बैलबाजारात, आडतीवर, शेताच्या सौद्यात हाच रिवाज चालत आला. शब्द मोडला की शब्दाबरोबर पैसाही गेला. परंतु दोन शेतकऱ्यांमधला हा रिवाज जेव्हा ठाण्याच्या किंवा पनवेलच्या तीस मजली इमारतीच्या छापील साठेखतात जाऊन बसतो, तेव्हा तो रिवाज राहत नाही. ते एका पक्षाच्या हाती दिलेले हत्यार होते.

मागे फिरतो तो कोण? चार सदनिका नोंदवून भाव चढताच विकू पाहणारा सट्टेबाज त्यात असतो, हे खरे. त्याच्यासाठी अश्रू ढाळण्याचे आपल्याला कारण नाही. पण बँकेने ऐनवेळी कर्ज नाकारले, किंवा मागितले त्याच्या निम्मेच मंजूर केले; कंत्राटी नोकरी सुटली; घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला, अशा कारणांनी मागे फिरणारा खरेदीदारही असतो. छापील करार या दोघांत भेद करीत नाही. खरे तर करतो, पण उलट्या बाजूने. सट्टेबाजाची बिल्डरशी ओळख असते आणि पदरी वकील असतो, त्यामुळे तो सहीसलामत सुटतो. सापडतो तो दुसरा.

वस्तुतः या बाबतीत आपला मूळ कायदा इतका वाईट नाही. 1872 च्या करार कायद्याचे 74 वे कलम सांगते की, करारभंगासाठी दंडाची रक्कम करारात लिहिलेली असली तरी दुसऱ्या पक्षाला तेवढी आपोआप मिळत नाही. त्याला वाजवी भरपाई मिळते आणि लिहिलेली रक्कम ही फक्त तिची कमाल मर्यादा असते. 1949 साली दिल्लीतील एका बंगल्याचा सौदा 1,12,500 रुपयांना ठरला होता. खरेदीदाराने 1,000 रुपये इसार दिला आणि ताबा घेताना आणखी 24,000 रुपये भरले. सौदा फिसकटला. करारात लिहिल्याप्रमाणे सगळे 25,000 रुपये आपलेच, असे विक्रेत्याचे म्हणणे होते. 1963 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, इसाराचे 1,000 रुपये जप्त करता येतील, पण 24,000 हा किमतीचा भाग आहे आणि नुकसान झाल्यावाचून तो गिळता येणार नाही. पुढे 2015 साली याच न्यायालयाने दिल्ली विकास प्राधिकरणाला एका भूखंडाच्या व्यवहारातील 78 लाख रुपयांचा इसार परत करावयास लावला. प्राधिकरणाने तोच भूखंड नंतर कितीतरी अधिक भावाने विकला होता. मग नुकसान कसले, असा न्यायालयाचा साधा प्रश्न होता.

तरीही इसार तेवढा जप्त होतो ही फट राहिली, आणि फट दिसली की तिच्यातून हत्ती नेणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. ज्या रकमेवर डोळा तिला करारात इसार म्हणायचे, एवढीच काय ती युक्ती. गुडगावच्या एका प्रकल्पात तर सदनिकेच्या मूळ किमतीच्या वीस टक्के रकमेवर बिल्डरने इसाराचे लेबल लावले होते. 2025 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हा करार एकतर्फी ठरवला आणि मूळ किमतीच्या दहा टक्केच कापण्याची मुभा दिली. बाकीची रक्कम परत मिळाली, तीवरचे व्याज मात्र मिळाले नाही. त्या खटल्यातील खरेदीदाराने भाव उतरल्यामुळे माघार घेतली होती, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु आता हे दहा टक्के एखाद्या दरपत्रकासारखे सर्वत्र दाखवले जाण्याचा धोका आहे. भाव पडला म्हणून पळणाऱ्याला लावलेले माप नोकरी गेलेल्यालाही लावायचे काय?

महाराष्ट्रातली स्थिती तर अधिकच चमत्कारिक आहे. 2016 च्या रेरा कायद्याच्या 13 व्या कलमाप्रमाणे, करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महारेराने 2022 मध्ये वाटपपत्राचा एक नमुना ठरवून दिला. त्यानुसार पहिल्या पंधरा दिवसांत नोंदणी रद्द केल्यास काहीच कापायचे नाही. पुढे कपात वाढत जाते, तरी दोन महिन्यांनंतरही ती किमतीच्या दोन टक्क्यांवर थांबते. ही चांगली गोष्ट झाली. पण साठेखतावर सही झाली की हे संरक्षण संपते. राज्याच्या नियमांतील साठेखताचा नमुना एवढेच सांगतो की, हप्ते थकल्यावरून करार संपुष्टात आला तर ‘ठरलेली’ नुकसानभरपाई वजा करून उरलेले पैसे तीस दिवसांत परत करावेत. किती ठरलेली, याविषयी नमुना गप्प आहे. शासनाने कोरी सोडलेली ही जागा बिल्डरचा वकील भरतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, कल्याणकडच्या साठ लाखांच्या सदनिकेसाठी एका कामगाराने सहा लाख भरून साठेखत केले. बँकेने कर्ज नाकारले. दहा टक्के कपात किमतीवर होते, भरलेल्या रकमेवर नव्हे. म्हणजे सहाच्या सहा लाख गेले. बिल्डरने महिन्याभरात तीच सदनिका त्रेसष्ट लाखांना विकली, तर त्याला सौदा मोडल्याचा नऊ लाखांचा लाभ झाला. शिवाय मुद्रांकशुल्क आपल्या राज्यात साठेखताच्या वेळीच भरावे लागते. ते परत मागण्यासाठी रद्दलेख नोंदवावा लागतो, आणि त्यावर बिल्डरची सही लागते. ती सही कोणत्या अटीवर मिळते, हे सांगायला नको.

विक्रेता म्हणजे नेहमी बिल्डर असतो असे मात्र नव्हे. गिरणीतून निवृत्त झालेला एखादा कारकून आपली दोन खोल्यांची जागा विकायला काढतो आणि त्या भरवशावर चिपळूणकडे घरासाठी स्वतःचा इसार देऊन बसतो. त्याचे गिऱ्हाईक फिरले तर त्याचा तिकडचा इसार बुडतो, दलाली अंगावर पडते, पुढल्या गिऱ्हाइकापर्यंत भाव उतरलेला असतो. हे नुकसान खरे आहे आणि ते भरून मिळालेच पाहिजे. ज्याचे जेवढे नुकसान झाले तेवढे त्याला मिळावे, हे तत्त्व एकदा मानले की या कारकुनाला न्याय मिळतो आणि वर सांगितलेल्या बिल्डरची नऊ लाखांची कमाईही उघडी पडते.

बिल्डर मंडळींचा आक्षेप ठाऊक आहे. माघार स्वस्त केली तर नोंदणी हा पोरखेळ होईल आणि प्रकल्प पैशावाचून अडतील, असे ते म्हणतात. पण खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून त्या बांधकामाला व जमिनीलाच लावाव्यात, असे रेरा सांगतो. अडचणीत आलेल्यांच्या जप्त रकमा हा प्रकल्पाच्या भांडवलाचा आधार असेल, तर दोष प्रकल्पाच्या आर्थिक रचनेत आहे. आणि सदनिका तर त्यांच्याकडेच राहते!

फ्रान्सने 1979 च्या कायद्यानेच हा प्रश्न बऱ्याच अंशी निकालात काढला. तेथे कर्जावर घर घेणाऱ्याचा करार कर्ज मिळण्याच्या अटीवरच उभा असतो. त्याची चूक नसताना कर्ज नाकारले गेले, तर करार गळून पडतो आणि भरलेली रक्कम परत मिळते. याखेरीज सहीनंतर कारण न देता माघार घेण्यासाठी दहा दिवसांची मुदतही आहे. भांडवलदारी देशात हे चालते आणि तेथील घरबांधणी त्यामुळे बंद पडलेली नाही.

आपली मागणी याहून मोठी असण्याचे कारण नाही. साठेखताच्या सरकारी नमुन्यात कर्जाची अट यावी. वाटपपत्रातील दोन टक्क्यांची मर्यादा साठेखतालाही लागू व्हावी, आणि त्यापलीकडे एक रुपयाही कापायचा तर नुकसान सिद्ध करण्याची जबाबदारी बिल्डरवर असावी. नियम राज्य सरकारने केले आहेत. ते बदलण्यासाठी दिल्लीकडे पाहत बसावे लागत नाही.

नियम बदलेपर्यंत शाखांना एक काम करता येईल. वस्तीतला कोणी घर घेत असेल तर सहीपूर्वी मसुदा आणवून रद्द करण्याचे कलम त्याला वाचून दाखवावे, आणि ‘बँकेने कर्ज नाकारल्यास भरलेली सर्व रक्कम तीस दिवसांत परत’ एवढे एक वाक्य त्यात घालण्याचा आग्रह धरावा. हे वाक्य घालण्यास कोणताही कायदा आड येत नाही. बिल्डर नाही म्हणेल, पुष्कळदा म्हणेलच. पण ते त्याने पैसे घेण्यापूर्वी म्हणावे.