इथे राज्यघटना, तिथे मजहब?

आपल्या समाजात एक सोयीची सवय रुजली आहे. भारताचा विषय निघाला की आपण राज्यघटनेची कलमे सांगतो. कलम १४ ची समानता, कलम २५ चे धर्मस्वातंत्र्य, बाबासाहेबांचे उपकार, सारे तोंडपाठ असते. त्याच बैठकीत तुर्कस्तानचा, पाकिस्तानचा विषय निघाला की भाषा बदलते. तिथे राज्याला धर्म असावा, कायदा धर्माचा असावा आणि तिथल्या अल्पसंख्याकांनी मिळेल त्यात समाधान मानावे! जिथे आपण थोडे तिथे धर्मनिरपेक्षता आणि जिथे आपण पुष्कळ तिथे धर्मराज्य, हा कुठला इन्साफ?

हा प्रश्न आजचा नाही. १९५३ साली पाकिस्तानच्या पंजाबात अहमदियांविरुद्ध दंगली झाल्या. त्यांची चौकशी न्यायमूर्ती मुनीर यांच्या समितीने केली आणि १९५४ साली अहवाल दिला. समितीने मौलाना मौदुदींना विचारले, पाकिस्तानात तुम्ही इस्लामी राज्य आणणार असाल, तर भारतात हिंदूंनी मनूच्या कायद्याचे राज्य आणले आणि मुसलमानांना शूद्र, म्लेंच्छ म्हणून वागवले तर चालेल काय? मौलानांनी उत्तर दिले की आपली काही हरकत नाही. मौलाना १९४७ साली पठाणकोटहून लाहोरला निघून गेले होते. त्यांच्या या उत्तराची किंमत मोजायला इकडे कोट्यवधी मुसलमान मागे राहिले होते. नागपूरचे मुसलमानही त्यांतच आले.

मौलाना आपल्या तर्काला निदान प्रामाणिक होते. आपण तेवढेही नाही. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी अयोध्येचा निकाल लागला तेव्हा आपण दुःखी झालो, आणि ते दुःख खरे होते. पुढे आठ महिन्यांनी, जुलै २०२० मध्ये, इस्तंबूलच्या हागिया सोफियाची पुन्हा मशीद झाली. सहाव्या शतकात चर्च म्हणून उभी राहिलेली, १४५३ नंतर मशीद झालेली आणि १९३४ साली संग्रहालय ठरवलेली ही वास्तू. तेव्हा माझ्या मोबाईलवर मुबारकबादचे संदेश फिरत होते. दोन्ही प्रकरणांचा तपशील वेगळा आहे, हे मान्य. पण बहुसंख्याकांच्या भावनेला सत्तेने हात दिला की अल्पसंख्याकाच्या मनाचे काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? ठाऊक असूनही आपण टाळ्या वाजवल्या.

धर्माला सत्तेच्या खुर्चीवर बसवले की तो आपल्याच माणसांची झडती घेऊ लागतो. १२ मार्च १९४९ रोजी पाकिस्तानच्या संविधान सभेने उद्दिष्टांचा ठराव संमत केला. पूर्व बंगालच्या हिंदू सभासदांनी विरोध केला. परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी मात्र ठरावाचे समर्थन केले. जफरुल्ला खान अहमदिया होते. १९७४ साली त्याच देशाने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले. १९७९ चे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांच्या कबरीवरच्या दगडावरून पुढे ‘मुस्लिम’ हा शब्दही खोडण्यात आला. जे दार दुसऱ्यासाठी बंद केले, ते पंचवीस वर्षांत घरच्यांवरही बंद झाले.

यावर कोणी म्हणेल, मग धर्मनिरपेक्ष म्हणवणारे देश तरी काय दिवे लावतात? आक्षेप रास्त आहे. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य वेगळे केले. पण अल्सास-मोझेल भागात, तो तेव्हा जर्मनीकडे होता म्हणून, आजही पाद्र्यांचे पगार सरकार देते. त्याच फ्रान्सने २००४ साली सरकारी शाळांत मुलींच्या डोक्यावरचा रुमाल बंद केला. तुर्कस्तानने घटनेत धर्मनिरपेक्षता लिहिली, पण इमाम सरकारी नोकर ठेवले. एका काळात विद्यापीठाच्या दारात मुलींचे रुमाल उतरवले आणि नंतरच्या काळात तीच सरकारी यंत्रणा उलट्या दिशेने वापरली. याउलट इंग्लंडचा राजा चर्चचा प्रमुख, तिथल्या वरिष्ठ सभागृहात २६ बिशपांच्या राखीव जागा. पण त्याच देशाच्या राजधानीने २०१६ साली सादिक खान यांना महापौर निवडले. म्हणजे दारावरच्या पाटीवरून घर ओळखता येत नाही. आत जो संख्येने थोडा आहे, त्याला मान वर करून चालता येते की नाही, हीच खरी कसोटी.

मी शिक्षिका आहे, म्हणून शाळेचेच उदाहरण देते. १९८५ साली केरळात तीन भावंडांना शाळेतून काढले. ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताला ती अदबीने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. राष्ट्रगीताचा मान राहिला आणि मुलांची श्रद्धाही राहिली. राष्ट्रीय मूल्य म्हणतात ते हे. हा निकाल आपण वाचतो तेव्हा मुसलमान मुलगी आठवते. लाहोरची ख्रिस्ती मुलगी आणि ढाक्याचा हिंदू मुलगाही आठवला पाहिजे.

आता आपल्या नागपूरकडे वळू. याच शहरात रेशीमबाग आहे, ताजबाग आहे आणि दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीने इथे धर्म बदलला, आणि त्यामुळे त्यांचे भारतीयत्व तसूभरही कमी झाले नाही. त्याच शहरात १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल पेटली. कबर खुलताबादेत, बादशहा १७०७ साली मेलेला, आणि रक्त सांडले महालात. पुढे आठवड्याने आरोपीच्या घरावर बुलडोझर चालला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला कारवाई थांबवावी लागली. गुन्हा सिद्ध होण्याआधी घर पाडू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्येच बजावले होते.

संचारबंदी आमच्या मनीषनगरपर्यंत आली नाही. पण ‘औरंगजेबाबद्दल तुमचे काय मत?’ हा प्रश्न माझ्यापर्यंत आला. शेजारच्या देशपांडे-वानखेड्यांना तीनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या राजाचा हिशेब कोणी मागत नाही. माझ्याकडूनच का? ज्यांना देशभक्तीची परीक्षा घ्यायची हौस आहे, त्यांनी आधी राज्यघटनेची परीक्षा द्यावी. बुलडोझरचा पेपर त्यांना अवघड जाईल.

पण आपल्या पोरांनाही सांगितले पाहिजे की औरंगजेब आपला कोणी लागत नाही. त्याने भावांना मारले, बापाला कैदेत ठेवले. त्याची कबर कायद्याने संरक्षित आहे, म्हणून ती राहावी. तो ‘आपला’ म्हणून नव्हे. आपला वारसा सांगायचा तर मौलाना हुसेन अहमद मदनींचा सांगावा. एका वतनात राहणाऱ्यांची कौम एकच, हे त्यांनी १९३८ साली इक्बालांशी वाद पत्करून मांडले आणि ते याच देशात राहिले.

माझी मागणी साधी आहे. आपल्या मशिदींतून, उर्दू शाळांतून, मराठी साहित्याच्या व्यासपीठांवरून जेव्हा भारतात राज्यघटनेचा हवाला दिला जाईल, तेव्हा त्याच तोंडाने पाकिस्तानातल्या अहमदियासाठी आणि बांगलादेशातल्या हिंदूसाठीही शब्द निघाला पाहिजे. तो निघाला नाही, तर आपली धर्मनिरपेक्षता श्रद्धा नव्हे, अडचणीतली सोय ठरेल. आणि सोयीसाठी धरलेला हात समोरचाही सोयीनेच सोडतो.