रिकीब आखडते तेव्हा

लोणी भापकरसारख्या गावात पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरू लागला म्हणजे धडधाकट कानाच्या माणसालाही शेजाऱ्याचे बोलणे नीट उमगत नाही. आणि घरी दहा हाकांना ओ न देणारी, म्हणून 'सोयीची बहिरी' ठरलेली तिशीतली सून त्याच खडखडाटात दळणाचा हिशेब बिनचूक करते, तेव्हा सासूच्या संशयाला पुरावाच मिळतो. वास्तविक तो पुरावा सुनेच्या बाजूचा आहे. गोंगाटात समोरचा माणूस नकळत आवाज चढवतो, आणि खुद्द गोंगाट मात्र तिच्यापर्यंत क्षीण होऊन पोहोचतो.

मध्यकर्णातील हातोडी, ऐरण आणि रिकीब या अस्थित्रयीपैकी रिकीब ही मानवी देहातील सर्वांत लहान अस्थी, उंचीने जेमतेम ३ मिलिमीटर; तिचा तळवा आंतरकर्णाच्या गवाक्षात हलत राहावा अशी निसर्गाची तजवीज; परंतु गवाक्षाच्या काठाशी नवी अस्थी वाढून तो तळवा जखडला, म्हणजे पडदा शाबूत, मज्जातंतू शाबूत, आणि तरीही ध्वनी दारातच खोळंबतो. १९५६ साली अमेरिकेत जॉन शी यांनी जखडलेली रिकीब काढून टेफ्लॉनची बसवली, तेव्हापासून या बहिरेपणावर खात्रीचा इलाज आहे. शंभरात एखाद्याचा कान शस्त्रक्रियेने कायमचा जातो, हेही सांगितले पाहिजे. ज्याला ती जोखीम नको, त्याला श्रवणयंत्र उत्तम साथ देते. आपल्याकडे याहून अधिक आढळतो तो वाहता कान, ज्यात वर्षानुवर्षांचा पू ऐरणीची लांब शाखा कुरतडून साखळीच तोडतो, आणि आपण वर कोमट तेल ओतीत बसतो.

२०१६ चा दिव्यांग कायदा दोन्ही कानांची हानी ६० डेसिबलपासून मोजतो. पण वाट नेमकी कोठे अडली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते ५१२ कंपनांचा साधा नादकाटा सांगतो. कानामागच्या हाडावर टेकवला असता तो कानासमोर धरल्यापेक्षा ठळक ऐकू आला, तर दोष बहुधा वहनाचा, म्हणजे दुरुस्त होण्याजोगा. इतकी स्वस्त वस्तू प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर असावी, नुसती जडवस्तूंच्या यादीत नव्हे; आणि दाखल्याच्या अर्जाआधी ती कानाला लागावी, एवढीच माझी मागणी आहे.

तूर्त गिरणीतली वीज गेली, पट्टा थांबला, गिरणीवाल्याने सवयीने आवाज उतरवला; आणि डबा डोक्यावर घेता घेता तिने विचारले, "काय म्हणालात, भाऊ?"