विश्लेषण : वानखेडेवर भारताची फिरकी भारतावरच का उलटते?

लक्ष्य फक्त १४७ धावांचं, मैदान घरचं आणि समोर न्यूझीलंड. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये वानखेडेवर भारताचा डाव १२१ धावांत आटोपला आणि मालिका ०-३ अशी गेली. तीन किंवा त्याहून जास्त कसोटींच्या मालिकेत भारताचा मायदेशात असा सफाया पहिल्यांदाच झाला. वर्षभरानंतर कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेनं १२४ धावांचं लक्ष्य दिलं, भारत ९३ वर गारद झाला.

दोन्ही खेळपट्ट्या फिरकीला साथ देणाऱ्या होत्या. मग फटका भारतालाच का बसला? उत्तर मातीत आहे.

लाल माती, काळी माती : फरक काय?

गिरगावकरांना पायी गाठता येईल अशा वानखेडेची खेळपट्टी लाल मातीची आहे. लाल मातीत चिकणमाती तुलनेनं कमी असते. त्यामुळे ती लवकर सुकते, चेंडूला चांगली उसळी देते आणि सामना पुढे सरकतो तसा तिचा वरचा थर भुसभुशीत होतो. अशा जागी चेंडू मातीत पकड घेतो आणि झटकन वळतो.

काळ्या मातीत चिकणमाती जास्त असते. ती पाणी धरून ठेवते. तिच्यावर चेंडू साधारणपणे संथ येतो आणि खाली राहतो.

पाण्यानं काय बदलतं?

मुंबईकरांना हे सांगायला नको. १९४८ पासून सुरू असलेली कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते. आझाद मैदान असो की दादरचं शिवाजी पार्क, ओलसर खेळपट्टीवर चेंडू अडकून येतो, एखादा अचानक उसळतो. बॅट लवकर पुढे केली की झेल उडालाच.

उलट पाणी आधीच तोडलं आणि गवत काढलं, तर कोरडी खेळपट्टी पहिल्याच दिवशी फुटू लागते. मग चेंडू शिवणीवर पडला तर वळतो, चामड्यावर पडला तर सरळ घसरत आत येतो. यातलं नेमकं काय होणार, हे फलंदाजाला कळत नाही. बऱ्याचदा गोलंदाजालाही कळत नाही! खरी अडचण इथेच आहे.

अति वळण कुणाच्या पथ्यावर पडतं?

वानखेडेचाच इतिहास बघा.

• २००४ : ऑस्ट्रेलियाचा मायकल क्लार्क हा मुळात फलंदाज. त्यानं ९ धावांत ६ बळी घेतले. १०७ धावांचं लक्ष्य असलेला ऑस्ट्रेलिया ९३ वर बाद झाला, म्हणून भारत १३ धावांनी वाचला.

• २०१२ : इंग्लंडच्या माँटी पनेसर आणि ग्रॅम स्वान यांनी मिळून १९ बळी घेतले. भारत १० गडी राखून हरला.

• २०१६ : इंग्लंडनं पहिल्या डावात ४०० धावा केल्या, भारतानं ६३१. म्हणजे इथे धावा होत होत्या. तरी रविचंद्रन अश्विननं सामन्यात १२ बळी घेतले आणि भारत एक डाव ३६ धावांनी जिंकला.

• २०२४ : मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलनं सामन्यात ११ बळी घेतले. पण शेवटच्या डावात ग्लेन फिलिप्स या कामचलाऊ फिरकीपटूनंही तिघांना बाद केलं.

चांगल्या खेळपट्टीवर बळी मिळवायला वेग बदलावा लागतो, चेंडू हवेत फसवावा लागतो, फलंदाजाची वाट बघावी लागते. हे कसब अश्विन किंवा रवींद्र जडेजाकडे होतं, पाहुण्यांकडे क्वचितच. खेळपट्टी फार फुटली की हे काम मातीच करून टाकते. अव्वल फिरकीपटू आणि कामचलाऊ गोलंदाज यांच्यातलं अंतर कमी होतं. त्यात नाणेफेक हरली तर सगळ्यात खराब झालेल्या खेळपट्टीवर शेवटी फलंदाजी करावी लागते.

पुढे काय?

अश्विन डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाला. नव्या फिरकीपटूंना शिकायचं असेल, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हळूहळू वळू लागणारी खेळपट्टी हवी. पहिल्या तासापासून धूळ उडाली तर बळी मिळतील, पण ते कुणालाही मिळतील. घरच्या मैदानाचा फायदा हवा असेल, तर संघ व्यवस्थापनानं माळ्याकडे 'जास्त वळण द्या' असा आग्रह धरण्याआधी २०१६ चा धावफलक एकदा बघायला हरकत नाही.