पत अचानक का घसरते?

वारणानगर : सहकारी साखर कारखाना, दूध संघ आणि महाविद्यालये यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या वारणा खोऱ्यात माणसाची पत एकेकाळी गावच ठरवीत असे. संस्थेचे पंच, शेतातील उभा ऊस आणि ओळखीचा जामीनदार एवढ्यावर कर्ज मिळे. १९९८ मध्ये येथील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. आपल्या उसाच्या नोंदीची व बिलाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्यामागचा एक हेतू होता. आज कर्जदाराची पत ३०० ते ९०० या दरम्यानच्या आकड्यात मोजली जाते. हा आकडा मात्र त्याला बहुधा अर्ज फेटाळला गेल्यावरच कळतो.

गुण अचानक बदलण्याची कारणे तीन प्रकारची असतात. पहिले कारण स्वतःच्या व्यवहाराचे. हप्ता थकला, क्रेडिट कार्डाची मर्यादा जवळजवळ संपली किंवा थोड्या काळात अनेक ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले, तर गुण घटतात. एकरकमी तडजोडीत सूट घेऊन मिटवलेले खाते पूर्ण फेडलेल्या खात्यासारखे धरले जात नाही.

दुसरे कारण इतरांच्या कृतीचे. मूळ कर्जदाराने हप्ते बुडवले की त्याची झळ जामीनदाराच्या नोंदीलाही बसते. नात्यागोत्यात, शब्दाखातर सही करण्याची रीत असलेल्या सहकारी पट्ट्यात हे विशेष जाचक ठरते. बँकेने चुकीची नोंद पाठवली, तरी भुर्दंड ग्राहकालाच.

तिसरे कारण नियमांचे. मोजण्याची पद्धत बदलली की माणूस तोच राहूनही आकडा बदलतो. 'स्टॅक ओव्हरफ्लो' या संगणकतज्ज्ञांच्या प्रश्नोत्तर संकेतस्थळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रश्नाला मिळणाऱ्या पसंतीचे गुण ५ वरून १० केले आणि ते जुन्या प्रश्नांनाही लावले. अनेकांची प्रतिष्ठा काही न करता रातोरात वाढली. तेथे हा बदल जाहीर झाला होता; पतमापनाचे सूत्र मात्र ग्राहकाला पूर्णपणे कधीच दाखवले जात नाही.

रिझर्व्ह बँकेने यावर काही उपाय केले आहेत. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू झाली. जानेवारी २०२५ पासून बँकांनी किमान दर पंधरवड्याला माहिती अद्ययावत करणे बंधनकारक झाले. त्यामुळे चूक लवकर सुधारते, तसाच थकलेला हप्ताही लवकर दिसतो.

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी शेतकऱ्यांकडे 'सिबिल' मागू नये, असे बँकांना बजावले. परंतु आकडा बाजूला ठेवल्याने त्यातील चूक दुरुस्त होत नाही. गावच्या पंचांना निदान 'का' असे विचारता येत होते. कर्ज नाकारताना गुण नेमके कोणत्या नोंदीमुळे घटले, हे ग्राहकाला त्याच्या भाषेत सांगण्याची सक्ती झाली, तरच हा प्रश्न आकड्यालाही विचारता येईल. तोपर्यंत वर्षातून एकदा आपला अहवाल तपासणे आणि जामिनाची सही करण्यापूर्वी दोनदा विचार करणे, हेच शहाणपणाचे.