कुलूप मजबूत आहे, पण पलीकडे कोण आहे?

"मेसेज एन्क्रिप्टेड आहेत, आता काळजी नाही," असे कार्यकर्ते सर्रास म्हणतात. आमच्या मते हे अर्धसत्य आहे. त्याच्या भरवशावर अत्याचाराच्या केसमधल्या साक्षीदाराचा पत्ता पाठवणे धोक्याचे आहे.

आधी खरा अर्धा भाग. कुलूपबंद मजकुरासाठी दोघांकडे एकच किल्ली हवी. पण ज्या वाटेवर कोणीही डोकावू शकतो, त्याच वाटेने किल्ली कशी पाठवणार? १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी उत्तर जाहीरपणे छापले : किल्ली पाठवायचीच नाही, दोघांनी आपापल्या जागी तयार करायची.

छोटे उदाहरण घेऊ. ३ आणि १७ या संख्या सर्वांना माहीत आहेत. एकाने मनात ४ धरला. ३ चा चौथा घात ८१, त्याला १७ ने भागून बाकी १३. दुसऱ्याने ६ धरला. ३ चा सहावा घात ७२९, बाकी १५. एकमेकांना उघडपणे पाठवले ते फक्त १३ आणि १५. आता पहिल्याने १५ चा चौथा घात आणि दुसऱ्याने १३ चा सहावा घात काढून १७ ने भागला, की दोघांचीही बाकी येते १६. हीच किल्ली, आणि ती वाटेवर गेलीच नाही! प्रत्यक्षात या पद्धतीत शेकडो अंकी संख्या वापरतात. म्हणून पाठवलेल्या संख्येवरून मनातली संख्या शोधणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

मग गोम कुठे आहे? मधल्या माणसाने नुसते ऐकण्याऐवजी दोन्ही बाजूंना स्वतःची संख्या पाठवली तर? त्याची एक किल्ली तुमच्याशी जुळते, दुसरी तुमच्या साथीदाराशी. तो सगळे वाचून पुढे ढकलतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. हे गणित किल्ली देते, ओळख देत नाही.

ओळख पटवण्यासाठीच व्हॉट्सॲप आणि सिग्नलवर ६० अंकी कोड असतो. "एवढी उठाठेव कोण करणार?" असे काही मित्र विचारतात. आमचे उत्तर सरळ आहे : ज्याने आपल्या भरवशावर तोंड उघडले, त्याच्यासाठी दोन मिनिटे काढायलाच हवीत. पुढच्या बैठकीत समोरासमोर बसून कोड जुळवा. कोड बदलल्याची सूचना आली, तर आधी भेटून खात्री करा. आणि फोनला पक्का पासवर्ड ठेवा. उघडा फोन दुसऱ्याच्या हाती पडला, तर वाटेवरचे कुलूप काय कामाचे?