बापाचा कागद, लेकराची शिक्षा

अमेरिकेच्या अध्यक्षांनी जन्मसिद्ध नागरिकत्वाला कात्री लावली ते फार बरे झाले, असे सांगणारे एक व्याख्यान मध्यंतरी सोलापुरात झाले. वक्ते वाचन असलेले आणि बोलायला फर्डे होते. सभागृह भरले होते, टाळ्याही कडाडून पडल्या. त्यांचे नाव मी घेत नाही. तेच मत आता लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि घरोघरच्या मोबाइलवर ऐकू येते, आणि मला उत्तर द्यायचे आहे ते त्या मताला.

त्यांचे म्हणणे असे. नागरिकत्व कमवावे लागते. एखाद्या दवाखान्यात जन्म झाला एवढ्याने मूल त्या देशाचे होत नाही. लोकांनी निवडून दिलेल्या अध्यक्षाने सही केली की विषय संपला, न्यायालयांनी मध्ये तंगडी घालू नये. जगाने ही पद्धत सोडली, भारतानेही सोडली. आपली पोरे तिकडे पोटासाठी गेली आहेत, त्यांनी यजमानाच्या घरचे नियम पाळावेत. आणि शेवटी, ज्याच्यासाठी एवढी पेरणी चालली होती ती गोष्ट: आपल्याकडेही ज्याला आजोबांचा कागद दाखवता येत नाही, त्याचा जन्मदाखला रद्द करावा आणि त्याला सीमेपार घालवावे.

आधी मुळात काय झाले ते पाहू, कारण वक्त्यांनी निम्मेच सांगितले. २० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला. आई बेकायदा राहत असेल, किंवा कायदेशीर पण तात्पुरती राहत असेल, आणि बाप अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, तर तिथे यापुढे जन्मणाऱ्या मुलाला नागरिक मानायचे नाही. कायदेशीर पण तात्पुरते राहणाऱ्यांत विद्यार्थी येतात आणि एच-१बी व्हिसावर नोकरी करणारेही येतात. म्हणजे इथल्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर होऊन तिकडे गेलेली, रीतसर कर भरणारी, ग्रीन कार्डाच्या न हलणाऱ्या रांगेत वर्षानुवर्षे उभी असलेली आपल्याच पेठांतली मुले-मुली. नदी पोहून आलेल्यांची चित्रे वक्त्यांनी तासभर रंगवली, या लेकरांचा उल्लेखही केला नाही. आणि यजमान-पाहुण्याचीच भाषा करायची तर ज्याच्याकडून वर्षभर कर घेतला जातो, त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौदावी दुरुस्ती १८६८ ची. त्याआधी १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. त्या निकालाची आणि यादवी युद्धाची राख घटनेत मिसळली तेव्हा कुठे लिहिले गेले की इथे जन्मला आणि इथल्या कायद्याखाली आला तो इथला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क चीनला जाऊन १८९५ मध्ये परतला तेव्हा त्याला बंदरावरच अडवले. त्याच्या चिनी आईबापांना त्या काळच्या कायद्याने कधीही नागरिक होता येत नव्हते. १८९८ मध्ये न्यायालय म्हणाले, आईबाप नसतील, मुलगा आहे. पुढे १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस गोरा नाही म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही असे ठरवले, आणि आधी मिळालेली नागरिकत्वेही आपल्या कित्येक माणसांकडून काढून घेतली गेली. तिकडच्या मराठी घरांनी या दोन निकालांतला फरक नीट पाहावा. अर्ज करून मिळालेले नागरिकत्व एका निकालाने गेले. जन्माने मिळालेले टिकले.

२०२५ च्या आदेशाला तीन दिवसांत सिएटलच्या न्यायाधीशांनी स्थगिती दिली. हे न्यायाधीश रोनाल्ड रेगन यांनी नेमलेले. विरोधी पक्षाचे म्हणून त्यांना झटकता येत नाही. २७ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एकेका न्यायाधीशाच्या देशव्यापी मनाईहुकमांना आवर घातला, मूळ प्रश्नाला हात लावला नाही. जुलैत न्यू हॅम्पशायरमध्ये बाळांच्या वतीने सामूहिक दावा उभा राहिला आणि पुन्हा मनाई मिळाली. डिसेंबरात मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतला. निकाल कोणत्याही बाजूचा असो, माझे म्हणणे त्याने बदलत नाही.

जगाने ही पद्धत सोडली, हे अर्धसत्य आहे. कॅनडा, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना, जवळजवळ सारा अमेरिका खंड आजही जन्मभूमी मानतो. ज्यांनी सोडली त्यांनी ती कशी सोडली हे वक्त्यांनी सांगायला हवे होते. ब्रिटनने १९८१ चा कायदा संसदेत संमत केला, तो १९८३ पासून लागू झाला. आयर्लंडने २००४ मध्ये जनतेचा कौल घेतला. आपण १९८६ मध्ये आणि मग २००३ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती केली. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक भारतीय हवा, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसराही बेकायदा स्थलांतरित नको. या दुरुस्त्या मला पटत नाहीत, पण त्या संसदेतून आल्या, आणि त्यांनी आधी जन्मलेल्याला हात लावला नाही. एका माणसाने एका संध्याकाळी केलेल्या सहीशी त्यांची तुलना करणे ही श्रोत्यांची फसवणूक आहे.

निवडून आलेल्याची सही शेवटची, हा युक्तिवाद आमच्या पिढीने एकदा पुरेपूर ऐकला आहे. आणीबाणीत शिस्त होती, गाड्या वेळेवर धावत होत्या, कामगार वेळेवर कामावर येत होता, असे सांगणाऱ्या माणसांशी मी तरुणपणी चहाच्या टपरीवर घसा बसेपर्यंत भांडलो आहे. राष्ट्रपतींची सही २५ जून १९७५ च्या रात्री झाली. दोनच दिवसांनी दुसरी सही झाली आणि स्वातंत्र्यासाठी न्यायालयात जाण्याचा हक्कच गोठवला गेला. एप्रिल १९७६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी त्यापुढे मान तुकवली; एकटे न्यायमूर्ती खन्ना उभे राहिले. गाड्यांचे वेळापत्रक सांगणाऱ्यांनी त्या एका माणसाचे नाव माझ्यासमोर कधी काढले नाही. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले डॉ. डी. सी. वाधवा यांनी तर बिहारची राजपत्रे चाळून दाखवले होते की १९६७ ते १९८१ या काळात राज्यपालांच्या सहीने २५६ अध्यादेश निघाले आणि काही तर विधानसभेला बगल देऊन चौदा-चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला घटनेशी केलेली लबाडी ठरवले. ज्यांनी त्या सह्या केल्या ते सगळे घटनेप्रमाणेच पदावर होते. म्हणूनच सहीला कुंपण लागते. आणि सोलापूरकराला हे मुंबई-दिल्लीकडून शिकायची गरजच नाही. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर मार्शल लॉ लादला गेला तेव्हा लष्करी अधिकाऱ्याचा हुकूम हाच कायदा झाला होता आणि तिरंगा हाती धरणे हा गुन्हा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वक्त्यांनी हे भाषण सोलापुरात करावे याची मला खरी चीड आली, कारण आईबापांची पायरी पाहून लेकराची पायरी ठरवणारे राज्य कसे चालते, हे या शहराने तारेच्या कुंपणासकट पाहिले आहे.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ व १९२४ मध्ये तो आणखी आवळला. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींच्या माणसांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत ठेवले. हजेरी, बोटांचे ठसे, बाहेर जायचे तर पास. आतली माणसे गिरण्यांत कामाला जात आणि पुन्हा तारेच्या आत येत. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याची मुभाही कायद्याने सरकारला दिली होती. जे पोर अजून रांगतही नव्हते, ते गुन्हेगार जमातीचे. त्याने काय केले, हा प्रश्न तिथे नव्हताच. ते कुणाच्या पोटी आले एवढेच पाहिले जाई.

आणि त्या कायद्यातली एक तरतूद अशी की सरकारने राजपत्रात एखाद्या जमातीचे नाव छापले की पुरे. ते छापताना कायद्याच्या अटी पाळल्या की नाहीत, हे कोणत्याही न्यायालयाने विचारायचे नाही. जन्मावरून माणूस ठरवायचा, आणि ठरवणाऱ्याला कुणी प्रश्न विचारायचा नाही. वक्त्यांनी आपल्या भाषणात ज्या दोन गोष्टी मागितल्या, त्या या शहराला इंग्रजांच्या त्या कायद्यात एकत्र मिळाल्या होत्या. देशभरातून तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. सोलापुरात आजही हजारो माणसे अर्जावर पत्ता लिहितात तो सेटलमेंट फ्री कॉलनी असाच. त्यांच्या नातवंडांकडे वक्ते आता आजोबांचा कागद मागणार. आजोबांचा कागद आहे ना, पोलिसांच्या हजेरीपुस्तकात आहे. तो चालेल का?

आजोबांच्या कागदाची गोष्ट निघालीच आहे तर तीही पुरती पाहू. आजोबांच्या काळी सोलापूर मुंबई इलाख्यात, अक्कलकोट संस्थानात, तुळजापूर-नळदुर्ग निजामाकडे. इथल्या पद्मशाली विणकरांचे पूर्वज तेलंगणातून, निजामाच्याच मुलखातून आले. त्यांच्या नोंदी असल्या तर उर्दूत. कोतवाल बुकाची नक्कल काढायला तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन आलेल्या माणसाला विचारा. पान हातात घेताच कोपरा तुटतो, अक्षर मोडी, वाचणारा तालुक्यात एखादाच. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून अख्ख्या मराठवाड्याने आणि आपल्या बार्शी-माढ्यानेही हा अनुभव घेतला. ज्यांच्या पिढ्या एकाच गावात, एकाच सातबाऱ्यावर नांदल्या, त्यांना आपल्या आजोबांची एक ओळ सापडेना. मग पालावर जन्मलेल्या पारध्याने, ऊसतोडीच्या फडात बाळंत झालेल्या बाईने, घरी विड्या वळता वळता चार लेकरे वाढवलेल्या बाईने कागद आणायचा कुठून?

आणि कागद असला तरी तो किती खरा? आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा वाढदिवस १ जून असतो. शाळेत नाव घालायला आणले, जन्मतारीख कुणाला ठाऊक नाही, गुरुजींनी १ जून लिहिली. जनरल रजिस्टरमध्ये ओळीने १ जून, १ जून, १ जून. या तारखेवर माणसे नोकरीला लागली, निवृत्त झाली, निवडणुका लढली. त्यांना कुणी परके म्हटले नाही आणि म्हणूही नये. मग हीच सैल नोंद पालावरच्या माणसाला तेवढी फास का व्हावी?

२०२५ मध्ये उशिरा केलेल्या जन्मनोंदींवरून महाराष्ट्रात चौकशा लागल्या, मालेगाव-अकोल्याची नावे गाजली, नियम कडक झाले. खोटा दाखला देणाऱ्या आणि घेणाऱ्यावर खटला भरावा, मी आड येणार नाही. पण त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई परिसरात पकडलेले काही बंगाली मजूर बांगलादेशच्या हद्दीत ढकलले गेले, आणि ते भारतीयच निघाल्यावर त्यांना परत आणावे लागले. न्यायाधीशापुढे उभे न करता माणूस सीमेपार टाकला की असेच होणार.

वक्त्यांना वाटते त्यांनी नवे काही सांगितले. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत हीच तक्रार अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी कितीतरी जास्त ताकदीने मांडली होती. मुंबई बंदरावरून जाणाऱ्या परदेशी बाईला इथे मूल झाले तर ते भारतीय कसे, असे त्यांनी विचारले आणि आपले नागरिकत्व जगातले सर्वांत स्वस्त ठरेल असा इशारा दिला. पंजाबरावांनी विदर्भात शिक्षण नेले, शेतकऱ्यासाठी आयुष्य घातले; त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांची सूचना सभेने ऐकली, तिच्यावर चर्चा केली आणि फेटाळली. फाळणीची प्रेते अजून डोळ्यांपुढे असताना फेटाळली. कलम ५ मध्ये इथे जन्मलेला आला, इथे जन्मलेल्याचा मुलगा आला, आणि पाच वर्षे इथे राहिलेलाही आला. निजामाच्या मुलखातला विणकर, संस्थानातला कुळवाडी आणि सेटलमेंटमधला कैकाडी एका दिवसात एकाच पायरीवर आले ते या कलमाने. त्यांच्यापैकी कुणाला बापाचा इतिहास विचारला गेला नाही.

मग मला काय हवे? ज्या मातीत मूल जन्मले आणि आईबापांनी जिथे घर केले, तिथले ते मूल. निदान ज्याला दुसरा कुठलाच देश नाही त्या मुलाला तरी आपल्या कायद्याने पुन्हा जन्माने आपले म्हणावे. नियम बदलायचा तर संसदेने बदलावा, पुढे जन्मणाऱ्यांसाठीच बदलावा, आणि कुणाचीही सही न्यायालयाच्या दारापलीकडे नसावी. शिवाय १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यापासून आपण परका नाही हे सिद्ध करायचे ओझे माणसाच्याच डोक्यावर आहे, ते काढून सरकारच्या डोक्यावर द्यावे. सरकारकडे पोलीस आहेत, अभिलेख कक्ष आहेत, वकील आहेत.

घुसखोरी थांबवायचीच असेल तर त्याची सुरुवातही पाळण्यापासूनच होते. जिल्ह्यातल्या प्रत्येक पालावर, प्रत्येक ऊसतोडीच्या कोपीवर आशाताईने आणि ग्रामसेवकाने आठवड्यात जाऊन बाळाची नोंद करावी, दाखला आईच्या हाती द्यावा. उशिराचा अर्ज नाकारायचा तर तहसीलदाराने कारण लेखी द्यावे आणि अपील कुठे करायचे ते त्याच कागदावर लिहावे. हंगाम संपून टोळ्या गावी परतायच्या आत यंदाच जिल्ह्यात हे करून दाखवावे. त्या वक्त्यांना खऱ्या नागरिकाची एवढी काळजी असेल तर त्यांनी आमच्याबरोबर या मागणीच्या अर्जावर सही करावी.